पायाच्या हाडांची दुखणी : ओळख व उपचार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



चिटणीसांनी आरोग्यावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा हृदय, मेंदू असे भारदस्त विषय सोडून आम्ही पाय निवडला. मंडपाबाहेरच्या वहाणांकडे पाहिले तरी त्याचे कारण ध्यानी येईल. कोणाची टाच एकीकडे झिजलेली, तर कोणाच्या चपलेला अंगठ्यापाशी फुगवटा आलेला! एका पायात २६ हाडे असतात. परंतु आपल्या घरांतून त्यांच्या बहुतेक दुखण्यांना एकच नाव आहे : ‘हाड वाढले’. दुखते नेमके कोठे व केव्हा, एवढे दोन प्रश्न विचारले तरी त्यांतील भेद पुष्कळ अंशी उलगडतो.

सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाचेखाली कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला काटा दिसतो व सारा दोष त्याच्या माथी बसतो. वस्तुतः असा काटा टाच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळतो. दुखावलेला असतो तो तळव्यातील जाड पट्टा. पोटरीचा व तळव्याचा नित्य ताण-व्यायाम, मऊ टाचेची वहाण आणि धीर, एवढ्याने बहुतेकांस वर्षाच्या आत आराम पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूस उंचवटा आला व अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला, तर तेथेही प्रायः नवे हाड उगवलेले नसते. हाडांची रांगच सरकलेली असते. चवड्याशी रुंद पादत्राण हा पहिला उपाय. पट्ट्या बांधून मोठ्या माणसाचा अंगठा सरळ होत नाही. वेदना असह्य झाल्यासच शस्त्रक्रिया. केवळ शोभेसाठी नव्हे. उंचवटा सांध्याच्या वरच्या बाजूस असून अंगठा वर वळेनासा झाला, तर तो झिजलेला सांधा समजावा. त्यास न वाकणारा, कडक तळाचा जोडा मानवतो. आणि तोच सांधा मध्यरात्री एकाएकी लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर वातरक्ताची शंका घ्यावी. त्यास औषध आहे.

चवड्याच्या वरच्या भागात चालताना वाढणारे व विसाव्याने घटणारे दुखणे निराळे. दीर्घ कवायतीने सैनिकांचे पाय सुजतात, हे प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या शल्यवैद्याने १८५५ मध्ये नोंदविले. तो हाडाला गेलेला बारीक तडा होय. पहिल्या चित्रात तो पुष्कळदा दिसत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र घ्यावे व पायास काही आठवडे विश्रांती द्यावी.

आता जे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो, ते सांगतो. आमच्या थोरल्या आत्याबाईंना बरीच वर्षे मधुमेह होता. एकदा त्यांचा पाय सुजला, हातास ऊन लागे, पण त्या म्हणत, “दुखत तर काहीच नाही रे!” आम्ही वैद्यकाचे पदवीधर असूनही पाय मुरगळला असेल म्हणून स्वस्थ राहिलो. त्या पूर्वीसारख्याच देवदर्शनास चालत राहिल्या. तीन महिन्यांत तळव्याची कमान खचली, ती कायमची. दीर्घ मधुमेहाने पायाची जाणीव बोथट होते. हाडे मोडत असता माणूस त्यांवरच चालत राहतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांतून हेच दाखवून दिले, की वेदना हरपणे हाच मोठा घात. अशा पायावर त्याच दिवसापासून भार टाकू नये, तेल चोळू नये, तातडीने तज्ज्ञ गाठावा. वेळीच प्लास्टर बसले, तर पायाचा आकार बहुधा राखता येतो.

बंधुभगिनींनो, दुखणारा पाय स्वतःच दाद मागतो. न दुखणाऱ्या पायाची दाद आपणच घ्यावी लागते. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना नमस्कार कराल, तेव्हा त्यांच्या पावलांना क्षणभर हात लावून पाहा. एक पाऊल दुसऱ्याहून ऊन व सुजलेले लागले, तर आमची चूक आपण करू नये, एवढीच विनंती.