ठराव मंजूर झाल्यानंतर



मुंबईत प्रभादेवीचं सिद्धिविनायक मंदिर ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. अंगारकीला तिथे रात्रीपासून रांग लागते. पत्त्यात हे नाव लाखो लोकांनी लिहिलं असेल, पण माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही. पदवीदानाच्या दिवशी सहसा मोठी नावं घ्यायची रीत आहे. आज थोडं वेगळं करू आणि एका आमदाराच्या दोन ठरावांबद्दल बोलू.

सीताराम केशव बोले हे मुंबईच्या भंडारी समाजातले. गिरणी कामगारांसाठी काम करणाऱ्या कामगार हितवर्धक सभेच्या धुरिणांपैकी ते एक. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा झाली. केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं, हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते, हे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

१९१९च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळ नव्याने बसलं. मतदार मोजके होते आणि अधिकार त्याहून मोजके. शिक्षण, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस आणि तिजोरी गव्हर्नरच्या माणसांकडेच राहिली. काँग्रेसने १९२०च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. कायदेमंडळात जाणाऱ्याकडे तेव्हा पुष्कळजण संशयाने पाहत, आणि तो संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. सभागृहाने ठराव केला तरी ती सरकारला केलेली शिफारस ठरे. सरकारने ती फाइलीत ठेवली तर सभासदाने काय करायचं?

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव या सभागृहात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले वा सांभाळलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात. सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखानेही. ठराव एवढाच.

त्याची बांधणी नीट पाहा. अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे की नाही, यावर तेव्हा सभा-संमेलनांत रात्री जागवल्या जात आणि पंडित एकमेकांना हार जात नसत. बोले यांच्या ठरावाला त्या वादाची गरजच नव्हती. विहीर कोणाच्या पैशाने बांधली, तिची डागडुजी कोण करतं, ताबा कोणाकडे आहे, एवढंच तो विचारतो. पैसा सगळ्यांचा असेल तर पाणीही सगळ्यांचं. धर्माचा प्रश्न त्याने हिशेबाच्या वहीत आणून ठेवला, आणि तिथे पळवाट काढणं अवघड असतं. सत्तावीस वर्षांनी अमलात आलेल्या भारतीय संविधानाचं कलम १५(२) काढून वाचा. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात भेदभाव होऊ नये, असं ते सांगतं. दोन्ही मजकूर एकाच पायावर उभे आहेत.

आता ठरावाचं पुढे काय झालं ते पाहू. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरता तो स्पष्ट होता: खातेप्रमुखांनी अंमल करावा. खरी अडचण नगरपालिका आणि लोकल बोर्डांची होती, कारण गावोगावचे पाणवठे त्यांच्याकडे. त्यांच्याबाबत जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं गेलं ते एवढंच की, हा ठराव स्वीकारणं इष्ट आहे का याचा विचार करण्याचा सल्ला आपल्या हद्दीतल्या संस्थांना द्यावा. म्हणजे सभागृहाने शिफारस केली सरकारला, सरकारने कळवलं जिल्हाधिकाऱ्याला, त्याने सल्ला द्यायचा पालिकेला आणि पालिकेने विचार करायचा. विहिरीपाशी पोचेपर्यंत ठरावात जोर उरला नाही. तुमच्यापैकी काही जण मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत रुजू होतील, तेव्हा असल्या कागदांशी रोज गाठ पडेल.

बहुतेक सभासद इथे थांबले असते. ठराव आपल्या नावावर मंजूर झाला, वर्तमानपत्रात छापून आला, पुढच्या निवडणुकीत सांगायला एक काम झालं. बोले तीन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करायला नकार देणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये. तोही मंजूर झाला. पहिल्या ठरावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं, दुसऱ्याचं क्वचितच. खरं तर आमदार म्हणून बोले यांची पारख दुसऱ्यातच होते. पालिका सल्ल्याला भीक घालत नाही, पण अनुदानाचा हप्ता अडला की तिला घाम फुटतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या पालिकेने मधल्या काळात, जानेवारी १९२४ मध्ये, चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला होता. पालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सुधारक होते. पण तळ्यावर कोणी अस्पृश्य माणूस उतरला नाही. उतरू दिलं जाईल अशी हवाच गावात नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच्या थोडंच आधी, फेब्रुवारीत, आंबेडकरांनी याच कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली होती. सभागृहाचे दोन ठराव, सरकारचा आदेश, पालिकेचा ठराव, सगळं पाठीशी असलेल्या त्या माणसांवर त्याच दिवशी काठ्या पडल्या. मग सनातन्यांनी दूध, दही, गोमूत्र आणि शेण घातलेल्या पाण्याचे १०८ घडे ओतून तळं शुद्ध करून घेतलं.

पालिकेने आपला ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. योगायोगच असेल, पण मोठा कडवट.

डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळं खासगी आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादी आहे, असं त्यांचं म्हणणं. महाडच्या दुसऱ्या परिषदेत पुन्हा तळ्यावर जायचं होतं, ते कोर्टाच्या मनाईमुळे राहिलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. खालच्या कोर्टाने दावा १९३१ मध्ये फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. तळं पालिकेचं आहे आणि अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे चौदा वर्षांनी कोर्टातही प्रश्न येऊन ठेपला तो तिथेच: मालमत्ता कोणाची?

त्याच वर्षी नव्या कायद्याखाली निवडणुका झाल्या. महाडची पालिका चालवलेले टिपणीस आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत आले. सप्टेंबरात आंबेडकरांनी कोकणातली खोती ही जमीनपद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. बहुमत काँग्रेसचं होतं, विधेयक पुढे सरकलं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने.