वडिलार्जित वाडी आणि शेतजमिनीवरील निर्बंध
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशी जमिनीचा विषय कशास, असे कोणी विचारील. परंतु महोत्सवाचे मूळच जमिनीत आहे. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात 50 वे वर्ष योबेल म्हणून नेमून दिले आहे. त्या वर्षी विकलेले शेत मूळ कुळाकडे परत जावयाचे. कोट असलेल्या नगरातील घर मात्र वर्षभरात सोडविले नाही तर घेणाराचेच होई, आणि कोट नसलेल्या खेड्यातील घर शेतात मोजले जाई. नगर व शेत यांस एकच नियम लावू नये, हे तेव्हाही उमजले होते.

आमच्या वसईत हरित पट्ट्यावरील निर्बंध उठवावेत की राखावेत, यावरून एकाच घरात दोन पक्ष पडतात. पुष्कळांच्या मनात सर्व कायद्यांची खिचडी झाली आहे. 1948 च्या कूळकायद्याचे 63 वे कलम बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्याच्या आड येते. 1947 चा तुकडेबंदी कायदा निराळा. त्यात सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत. बिनशेतीची अट 1966 च्या महसूल संहितेतील. तीही उत्तरोत्तर सैल होत आहे. परंतु ही सारी बंधने सुटली तरी विकास आराखड्यात जो पट्टा हिरवा, तो हिरवाच राहतो. खरा वाद त्याचा आहे.

ज्यांस हे निर्बंध जाचतात त्यांस लोभी म्हणणे आम्हांस मान्य नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांस 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेस एक तृतीयांश, व उरलेले मुलगे आणि मुली यांस समसमान. आजोबांची दोन एकर वाडी म्हणजे 80 गुंठे. त्यांस चार मुले, व त्या प्रत्येकास चार, असे धरल्यास नातवाच्या वाट्यास अखेर 5 गुंठे येतात. पाच गुंठ्यांच्या केळीवर संसार कोणी चालवून दाखवावा? बापाने कष्टाने मिळविलेले लेकरांस मिळावे, हा हक्क पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रकात स्पष्ट मांडला आहे.

तथापि पाण्याचे काय? समुद्रकाठी जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पाऊस मुरणे थांबले आणि उपसा वाढला, की खारे पाणी वर चढते. मग विहीर शेजाऱ्याचीही बिघडते. बावखले आमच्या पूर्वजांनी शोभेसाठी खणली नव्हती. ती बुजविली, नाले आवळले, म्हणजे पाण्याने जावे कोठे? जुलै 2018 च्या पुरात ते घराघरांत शिरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समिती यांनी जो लढा दिला, तो या पाण्याचाही होता.

म्हणून निर्बंध सरसकट उठविण्यास आमचा विरोध आहे. वारसास स्वतःच्या वाडीत राहते घर बांधण्याची परवानगी मात्र विनासायास मिळावी. त्यासाठी त्यास कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावणे अन्यायाचे आहे. दुसरे असे की, आराखड्यातील रस्त्यासाठी वा उद्यानासाठी जागा दिल्यास मालकास विकासहक्क मिळू शकतात, व ते त्यास अन्यत्र वापरता वा विकता येतात. मग जो आपली वाडी वाडीच ठेवून गावाचे पाणी राखतो, त्याच्या हाती काहीच का पडू नये? इमारतीत राहणाऱ्यांनी हिरवळीची स्तुती करावी आणि तिचा खर्च मात्र पाच गुंठेवाल्याने सोसावा, हा कोठला न्याय? ही मागणी लेखी स्वरूपात, गावांनी एकत्र येऊन केली पाहिजे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होताच हरकती व सूचनांस मुदत असते, आणि ती फार लवकर सरते.

तोवर एक विनंती. वाटप राहिले असेल त्यांनी सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे चढली आहेत की नाही, हे पाहावे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे विशेषेकरून पाहावीत. एकाने परस्पर कुलमुखत्यारपत्र लिहून दिले, की कोर्टकज्जे सुरू होतात. ज्यांस कागद वाचून घ्यावयाचे असतील, त्यांनी ते सभेनंतर आमच्याकडे आणावेत.