तोच चित्रपट, तिसऱ्यांदा

हेरांचा चित्रपट एकदा पाहिला, गुपित कळले, की मग त्यात उरले काय, असे कॉलेजात असताना मी म्हणत असे. मार्टिन रिट यांचा ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ हा १९६५ सालचा कृष्णधवल चित्रपट तेव्हाच प्रथम पाहिला, आणि खरं सांगतो, पार कंटाळलो. ना मोटारींचा पाठलाग, ना मारामारी. रिचर्ड बर्टनने रंगवलेला लीमस हा ब्रिटिश हेर दारू पितो, तुरुंगात जातो, फितुरीचे सोंग घेऊन पूर्व जर्मनीत शिरतो. मुंट नावाच्या शत्रूच्या अधिकाऱ्याला अडकवायचे, एवढेच त्याला ठाऊक. शेवटी कळते, मुंट ब्रिटिशांचाच माणूस! त्याला वाचवण्यासाठीच तर लीमसला धाडलेला.

दहाएक वर्षांनी पुन्हा पाहिला. गुपित ठाऊक होते, म्हणूनच प्रत्येक प्रसंग निराळा दिसला. लीमसला वाटते, आपण दुसऱ्यांना फसवतो आहोत, फसलेला तोच. आणि मुंटवर संशय घेणाऱ्या फीडलरचे म्हणणे अगदी खरे होते, तरी बळी गेला तो त्याचाच. पहिल्या खेपेला या फीडलरकडे माझे लक्षही गेले नव्हते.

परवा तिसऱ्यांदा पाहिला, घरी, सौभाग्यवतींसह. लीमस बर्लिनच्या भिंतीवर चढला आहे. त्याची नॅन गोळी लागून खाली पडलेली. पलीकडून त्याची माणसे हाका मारताहेत, आणि हा गडी उलट तिच्याकडे उतरतो, मरायला. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “उतरला ते बरं केलं.”

मी गप्प बसलो. विसाव्या वर्षी त्याला मूर्ख ठरवणारा लेख मी कॉलेजच्या वार्षिकात लिहिला होता. तो अंक अजून कपाटात आहे.