शंकरपट, बर्फावरची शर्यत आणि आपण
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'टीमवर्क' हा विषय दिलाय. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे लॅपटॉप उघडून चार तक्ते दाखवीन असं त्यांना वाटलं असेल. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांसमोर एकत्र ओढण्याबद्दल बोलायचं, तर सुरुवात बैलजोडीपासूनच हवी.

शंकरपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. जोडी सुटते, धुरकरी छकड्यावर, आणि काही सेकंदांत खेळ संपतो. दोघांची चाल जुळली नाही तर एक बैल कितीही चपळ असो, उपयोग नाही. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वादाच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. धावणाऱ्याला बोलता येत नाही. मग त्याच्या वतीने 'पुरे' कोणी म्हणायचं?

पट सेकंदांचा. शर्यत दहा दिवसांची असली तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. अलास्कात १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी 'इडिटारॉड' नावाची शर्यत होते. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. बर्फावरची घसरगाडी, ती ओढणारी डझनभर कुत्री आणि मागे एक माणूस. सगळ्यात पुढे वाट ओळखणारी हुशार कुत्री, गाडीजवळ वळणावरचा भार पेलणारी दणकट. टाळ्या पुढच्यांना मिळतात, पण मागची दमली की गाडी अडते.

तिथे जिंकतं कोण? सुसान बुचर नावाच्या बाईंनी १९८६ ते १९९० या काळात ही शर्यत चारदा जिंकली. आपली कुत्री त्या पिल्लापासून स्वतः वाढवत. मुक्कामी पोचल्यावर माणूस आधी कुत्र्यांचं खाणं-पाणी बघतो, एकेक पंजा तपासतो. स्वतःची झोप उरली तर. नियमच आहे की वाटेत एकदा २४ तास आणि दोनदा ८-८ तास थांबायचं. त्यातला शेवटचा थांबा व्हाइट माउंटन या गावी, नोम जेमतेम सव्वाशे किलोमीटर उरलेलं असताना. पहिला असो की शेवटचा, सगळ्यांनी थांबायचं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. एखादं कुत्रं दमलं किंवा लंगडलं, तर त्याला वाटेतल्या ठाण्यावर पशुवैद्यांच्या हाती सोपवतात. संघ बाद होत नाही. उरलेल्यांसह पुढे जातो. त्या शर्यतीतही कुत्री दगावली आहेत, टीका होते, आणि ती व्हायलाच हवी. पण 'थांबलेला म्हणजे हरलेला नव्हे' हे तिथे नियमातच लिहिलंय.

आमच्या कामात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो, कुणाला तरी उठावं लागतं. माझ्या टीममध्ये ठरलेलं आहे की जो रात्री जागला, त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्याने मागायची वाट बघायची नाही. कारण चांगला माणूस मागत नाही.

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, लोणी-हळद लावतो, उद्या जेवायला या म्हणून आवतण देतो. वर्षभर ओढणाऱ्याचा खांदा बघायचा, ही आपलीच रीत.

मग माणसांचा खांदा कोण बघतं? आपल्या बॅचमध्ये कुणी कापसाच्या शेतीचं कर्ज एकट्याने ओढतंय, कुणी आजारी आईवडिलांचं करतंय, कुणी पुण्यात नोकरी टिकवायला धडपडतंय. आपल्या जिल्ह्याने एकट्याने ओढण्याची किंमत फार मोजली आहे. बैलाला बोलता येत नाही. आपल्याला येतं, तरी आपण 'सगळं ठीक' म्हणतो.

म्हणून एकच विनंती. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभात खूप झालं. महिन्यातून एकदा, ज्याचा बरेच दिवस आवाज नाही त्याला फोन करा. आणि तुम्हाला फोन आला, तर खरं काय ते सांगा.