लांबलेली पाळी आणि अनिश्चिततेची किंमत

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विकासाच्या चर्चेत दरडोई उत्पन्न, साक्षरता, बालमृत्यू दर हे निर्देशांक वारंवार येतात. मात्र देशातील असंख्य स्त्रियांना वेळोवेळी ग्रासणारी एक चिंता यांपैकी कोणत्याही निर्देशांकात थेट दिसत नाही. पाळीची तारीख उलटते आणि ‘दिवस तर गेले नसतील ना?’ हा प्रश्न मनात घर करतो. ही बाब खासगी मानली जाते. तथापि, या प्रश्नाचे उत्तर किती लवकर, किती खर्चात आणि किती सन्मानाने मिळते, हे सार्वजनिक व्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणूनच हा सामाजिक धोरणाचा आणि अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

ताण आणि विलंब

प्रथम शास्त्रीय बाजू पाहू. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीमार्फत अंडाशयाच्या कार्याचे नियमन करतो. तीव्र मानसिक ताण, अपुरा आहार, वजनातील झपाट्याने झालेली घट किंवा अतिश्रम यांमुळे हे संदेश मंदावतात आणि स्त्रीबीज उशिरा बाहेर पडते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारणतः दोन आठवड्यांनी पाळी येते. त्यामुळे पहिली क्रिया लांबली की पाळीही लांबते. परीक्षेच्या काळात अनेक मुलींना हा अनुभव येतो, त्याचे एक कारण हेच आहे. याखेरीज थायरॉईडचे विकार, पीसीओएस, तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम अशीही कारणे असतात. प्रौढ स्त्रियांमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र सर्वसामान्य मानले जाते, तर किशोरवयात ते ४५ दिवसांपर्यंतही असू शकते.

मात्र ‘ताणामुळेच लांबली असेल’ असे गृहीत धरून स्वस्थ बसणे हेही तितकेच चुकीचे आहे. शरीरसंबंध आलेला असेल, तर केवळ विलंबावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. चिंतेमुळे निर्णय पुढे ढकलला जातो, निर्णय लांबला की चिंता वाढते, आणि या चक्रात मौल्यवान दिवस निघून जातात. हे चक्र तोडण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे तपासणी.

माहितीचा खरा खर्च

गर्भधारणा झाल्यावर शरीरात एचसीजी हे संप्रेरक तयार होते. पाळीची तारीख उलटल्यानंतर लघवीच्या साध्या तपासणीत ते काही मिनिटांत कळते. सकाळची पहिली लघवी त्यासाठी अधिक योग्य असते. निष्कर्ष नकारात्मक आला आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासणी करावी. त्यानंतरही पाळी न आल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत ‘निश्चय’ या नावाचे तपासणी संच आशा कार्यकर्ती व उपकेंद्रांमार्फत मोफत उपलब्ध करून देण्यात आले.

येथे अर्थशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना उपयोगी पडते. एखाद्या सेवेची किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे एवढेच नव्हे. तालुक्याच्या गावी जाण्याचा प्रवास, बुडालेली मजुरी, औषधाच्या दुकानातील रोखलेल्या नजरा आणि ओळखीच्या माणसाने विचारलेला एखादा प्रश्न या साऱ्यांची बेरीज म्हणजे खरी किंमत. संच मोफत असला, तरी तो देणारी आशा कार्यकर्ती शेजारच्याच घरातील असेल, तर अविवाहित मुलीच्या दृष्टीने ती किंमत फार मोठी असते. गोपनीयता ही येथे सोय नसून सेवेचाच एक घटक आहे.

कोणाची गरज मोजली जाते?

१९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश होय. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले होते. राष्ट्रीय लोकसंख्या धोरण २००० ने गर्भनिरोधनाची अपूर्ण गरज भागविणे हे तातडीचे उद्दिष्ट ठरविले. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ही अपूर्ण गरज ९.४ टक्के होती. चौथ्या सर्वेक्षणात ती १२.९ टक्के होती. ही प्रगती निश्चितच उल्लेखनीय आहे. मात्र राष्ट्रीय सरासरीमागे मोठी तफावत दडलेली आहे, कारण मेघालयात हेच प्रमाण २६.९ टक्के होते.

आकडे वाचताना आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, नेहमी उद्धृत होणारे हे प्रमाण १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांचे आहे; अविवाहित तरुणीची गरज त्यात येत नाही. दुसरी, याच सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. नसबंदी ही कुटुंब पूर्ण झालेल्यांची सोय आहे. शिक्षण घेणारी, नोकरीच्या शोधात असलेली किंवा नवविवाहित स्त्री हिला हवी असते ती गर्भधारणा पुढे ढकलण्याची साधने. दरमहाची धास्ती मुख्यतः याच गटाच्या वाट्याला येते. ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या यांचा २०१७ पासून कार्यक्रमात झालेला समावेश या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२०१५ या वर्षाविषयीचा एक अभ्यास लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार भारतात त्या वर्षी ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या व त्यांपैकी जवळपास निम्म्या अनियोजित होत्या. १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी ७३ टक्के आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्यांच्या साहाय्याने झाले. याचा अर्थ, कायदा अर्धशतकापूर्वीचा असूनही बहुसंख्य स्त्रिया रुग्णालयाची पायरी चढल्या नाहीत.

कायद्याने दिलेली मान्यता

शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप म्हणजे स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा, असे गृहीत धरण्याची तरतूद त्यात होती. परंतु ती विवाहित स्त्री व तिच्या पतीपुरती मर्यादित होती. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री अथवा तिचा जोडीदार’ असा बदल केला. याच दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरेसे असते, तर विशिष्ट प्रवर्गांसाठी २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत आवश्यक असते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. सज्ञान स्त्रीसाठी केवळ तिची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा पालकांची नव्हे. तिची ओळख गोपनीय ठेवण्याचे बंधनही कायद्याने घातले आहे.

थोडक्यात, स्त्रीच्या मनस्तापाला कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच मान्यता दिली. सेवाव्यवस्थेने मात्र त्याची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

पुढील दिशा

या क्षेत्रात वेळ ही सर्वांत वेगाने घटणारी साधनसंपत्ती आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि गर्भपात जितका लवकर तितका सुरक्षित असतो. गर्भ ठेवण्याचा निर्णय असला, तरी प्रसूतिपूर्व तपासणी लवकर सुरू झाल्याचा लाभ आई व बाळ दोघांनाही होतो. म्हणजे स्त्रीचा निर्णय कोणताही असो, तो वेळेवर घेता यावा यासाठीचा खर्च समाजाला परवडणाराच आहे.

त्यासाठी तीन गोष्टी प्राधान्याने व्हायला हव्यात. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील सल्ला केंद्रे महाविद्यालयांच्या जवळ आणि सोयीच्या वेळी उघडी असावीत. तपासणी संच कोणताही प्रश्न न विचारता मिळावेत. आणि ‘अपूर्ण गरज’ मोजताना वैवाहिक स्थितीची भिंत दूर करण्यात यावी. मानसिक ताणासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिची माहिती प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावणे हे तर आजच करता येण्याजोगे काम आहे.