रिकामे हात कोणाचे?

घोडबंदरच्या नाक्यावर दुपारीं चार-पांच तरुण उगाच उभे दिसले, कीं जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडून 'रिकामटेकडे' हा शब्द सहज बाहेर पडतो. शाळा सुटलेली, नोकरी लागलेली नाहीं आणि दिवस तर सरतां सरत नाहीं, अशा मुलांसंबंधीं अलीकडे पुष्कळ बोललें जातें. इंग्लंडांत १९९९ सालीं एका सरकारी अहवालानें शिक्षण, नोकरी व प्रशिक्षण यांपैकीं कशांतच नसलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलांकडे लक्ष वेधलें. पुढें देशोदेशीं अशा तरुणांची गणना होऊं लागली. आपल्याकडील गणनेंत मात्र ज्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्या तरुणी नाक्यावर कधींच दिसत नाहींत. त्या घरांत असतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें दिल्लीच्या मानव विकास संस्थेसह २०२४ सालीं भारतांतील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील २०२२ सालच्या आंकड्यांप्रमाणें दर शंभर तरुणांत असे सुमारें १० निघतात, तर दर शंभर तरुणींत ४८. म्हणजे 'रिकामटेकडे' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावयाचें, तो नाक्यावरचा मुलगा या कथेंतील दुय्यम पात्र ठरतो. त्याची निराशा खोटी आहे असें नव्हे. परंतु ती निदान रस्त्यावरून दिसते.

घोडबंदर हें वसईच्या खाडीकांठचें जुनें गांव. पोर्तुगीज अमदानींत येथें घोडे उतरत, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. येथील किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतला. खाडी, मिठागरें आणि भातखाचरें यांवर या टापूंतील लोक पोट भरीत. त्या कामांत घरच्या मुलीचे हात असत. मजुरी तिला कोणी देत नसे. पण ती काम करिते, हें सर्वांस ठाऊक असे. पुढें महामार्ग आले, इमारती उठल्या. मीरा-भाईंदरला १९८५ सालीं नगरपालिका आणि २००२ सालीं महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या ८ लक्षांवर गेली. शेत राहिलें नाहीं, घरकाम मात्र राहिलें.

अशा वस्तींतील एक मुलगी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. दहावी झाली आहे. आई पहाटे उठून इमारतींत स्वयंपाकास जाते, बाप वाहन चालवितो. पाणी भरणें, धाकट्या भावाचा डबा, आजारी आजीचें औषध हें सारें या मुलीकडे. पुढील शिक्षणासाठीं जावें, तर गांवाला रेल्वे नाहीं. मीरा रोड किंवा भाईंदर गांठावयाचें म्हणजे रोजचें भाडें आलें. हा हिशेब मुलाच्या बाबतींत होत नाहीं असें नव्हे, परंतु मुलीच्या बाबतींत तो आधीं होतो. शाळा सोडा, असें तिला कोणीही सांगितलेलें नसतें. 'आईचें बरें होईपर्यंत', 'पाणी सुरळीत येईपर्यंत', 'पुढच्या जूनपर्यंत' असें करतां करतां दोन जून निघून जातात.

सरकारी सर्वेक्षणाचा कारकून अशा घरीं आला, तर तो माणसापुढें एक क्रमांक लिहितो. कामाच्या शोधांत असलेल्यास किंवा कामास तयार असलेल्यास ८१. केवळ घरकाम करणाऱ्यास ९२. घरकामाबरोबर सरपण आणणें, शिवणकाम अशीं घरच्या उपयोगाचीं कामें करणाऱ्यास ९३. नाक्यावरील मुलगा ८१ म्हणून निदान बेकारांत धरला जातो. ९२ ची मुलगी कामकऱ्यांत नाहीं आणि बेकारांतही नाहीं. दिवसभर राबणाऱ्या माणसास या तऱ्हेनें हिशेबाबाहेर ठेवणें सोयीचें खरें. कारण जिला काम नको असें आपण धरून चाललों, तिच्यासाठीं काम शोधण्याची जबाबदारीही उरत नाहीं.

योजना नाहींत असें नाहीं. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २०१० पासून अमलांत आहे. पण तो १४ व्या वर्षीं थांबतो. राज्य सरकारनें २०२४ सालीं युवकांसाठीं विद्यावेतनासह कार्यप्रशिक्षणाची योजना काढली. तीस वय १८ आणि शिक्षण किमान बारावी लागतें. त्याच वर्षीं ८ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क माफ झालें. तेंही बहुतांशीं बारावीच्या पुढें. सोळा वर्षांची, दहावीवर थांबलेली मुलगी या दोन कांठांच्या मधोमध उभी राहते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचें दार तेवढें १४ व्या वर्षापासून उघडें आहे, परंतु तेथील तासही दिवसभराचे. पाणी कोणी भरावें, याचें उत्तर त्या वेळापत्रकांत नसतें.

रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभारलें, तें शाळेचें वय उलटून गेलेल्या स्त्रियांचा विचार करूनच. तेथून शिक्षिका व परिचारिका तयार झाल्या. संसारांतील बाईस शाळेच्या साच्यांत बसविण्यापेक्षां शाळेनेंच तिच्या संसाराकडे पाहून आपली घडी बसवावी, ही दृष्टि त्या कार्यामागें होती. आज महापालिकेच्या शाळा आहेत आणि दुपारीं रिकामा असा एखादा वर्ग त्यांत सांपडणें अशक्य नाहीं. पाळणाघराची एक खोली त्याला जोडली, तर धाकट्या भावंडाचाही प्रश्न सुटतो. इतकी साधी गोष्ट अद्याप कोणाच्या अंदाजपत्रकांत ठळकपणें कां येऊं नये, याचें नवल वाटतें.

दुपारीं दोन वाजतां त्या मुलीच्या घरीं भांडीं घासून पालथीं पडलेलीं असतात. भाऊ शाळेंत, आजी निजलेली, आई अजून परतलेली नाहीं. चार वाजेपर्यंत तिला कोणी हांक मारीत नाहीं.