गोळी थांबवू नका, रक्त तपासा



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरचे काम करतो. एक बिघाड दुरुस्त केला की दुसरीकडे काही बिघडले नाही ना, हे तपासायची आमच्या कामात शिस्त असते. एचआयव्हीच्या औषधांनाही तीच शिस्त लागते.

1 एप्रिल 2004 पासून देशात सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली. त्यांनी लाखो संसार सावरले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांत झिडोव्यूडिन हे औषध सर्रास असे. ते विषाणूची वाढ रोखते, पण काहींच्या अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतल्या मगजाचे काम मंदावते. तांबड्या पेशी तिथेच तयार होतात. मग हिमोग्लोबिन उतरते, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्याला दम लागतो, आंबेगावच्या पश्चिम भागात चढण चढणाऱ्या बाईची छाती धडधडते.

घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, बीट-गूळ खा." पण इथे मुळात लोह कमी पडलेले नसते, रक्त तयार करणारी जागाच थकलेली असते. त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळीने भागत नाही. हिमोग्लोबिन 9 च्या खाली असेल तर डॉक्टर झिडोव्यूडिन देत नाहीत. आधीपासून चालू असेल तर बदलून बहुतेकदा टेनोफोव्हिर देतात. एक औषध बदलते, उपचार चालूच राहतो.

खरा धोका वेगळाच आहे. आजार लपवलेला असतो, म्हणून थकवाही लपवला जातो आणि माणूस गुपचूप गोळ्या सोडतो. विषाणू पुन्हा वाढतो, पुढे तीच औषधे लागू पडेनाशी होतात. जे रक्त तपासून सावरले असते, ते जिवावर बेतते.

आता बहुतेकांना डोल्युटेग्रॅव्हिर असलेली रोजची एक गोळी मिळते. तिने रक्त असे उतरत नाही. पण आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय मुळातच फार, म्हणून लोहाच्या गोळ्या सोबत चालतात. उपाशीपोटी दोन्ही एकदम घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी लागत नाही. ती लोहाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी, नाहीतर दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात. रमजानमध्ये एक इफ्तारला, दुसरी सहरीला असे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. रक्त फारच कमी असेल तर रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच आजाऱ्याला दिली आहे.

कोणाला एचआयव्ही आहे, हे शोधत बसू नका. 2017 च्या कायद्याने ती माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. मोहल्ल्यात कोणी फिकट दिसले, जिना चढताना थांबले, तर कारण न विचारता एवढेच म्हणा: "चला, जुन्नरला किंवा मंचरला सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन पाहून येऊ." डॉक्टरांच्या खोलीत त्यांना एकटे जाऊ द्या. आपण बाहेर बाकावर बसायचे. शंका असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.